रागानं पाहिलेला सिनेमाही मोजला जातो

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सारखा सिनेमे पाहत असतोस, तर मुलांना कोणते पाहावेत तेवढं सांग." मी काही समीक्षक नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि सिनेमा हा माझा छंद. तेव्हा शेवटी हातात एक यादी देणार आहे. पण यादी कशी तयार झाली ते आधी सांगतो, कारण तिच्या मुळाशी माझीच एक फजिती आहे.

काही वर्षांपूर्वी आमची सगळी टीम शुक्रवारी संध्याकाळी सिनेमाला गेली. त्या वेळी गाजत असलेला एक ऐतिहासिक सिनेमा होता. नाव घेत नाही, कारण तुम्ही असे चार-पाच सहज आठवू शकाल. डोळ्यांत सुरमा घातलेला, दातांनी मांस तोडणारा, विनाकारण हसणारा खलनायक. बारा जणांत मुसलमान मी एकटाच. मध्यंतरात पॉपकॉर्न फिरलं, सगळं नेहमीसारखं. बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राने त्या खलनायकाच्या आवाजात माझ्याकडे बघून एक संवाद फेकला. सगळे हसले. मीही हसलो.

मित्राच्या मनात काही नव्हतं हे मला माहीत होतं. दुपारचा डबा आम्ही रोज एकत्र खायचो. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो माझ्या हसण्याचा. घरी गेलो, झोप येईना. रात्री एक वाजता मोबाईलवर लांबलचक पोस्ट लिहिली, त्या सिनेमाचा ट्रेलर तिला जोडला, आणि त्यातला कुठला प्रसंग इतिहासाला धरून नाही ते मुद्देसूद मांडलं. सकाळपर्यंत ती पोस्ट बरीच फिरली. आपल्याच लोकांनी पुढे पाठवली, खाली भांडणं झाली. मला वाटलं, चला, काहीतरी केलं.

दुसऱ्या दिवशी मोबाईल उघडला, तर पुढ्यात त्याच जातकुळीच्या तीन सिनेमांचे ट्रेलर. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

तुम्ही सगळे ही ॲप वापरता. "तुमच्यासाठी निवडलेले" अशी ओळ त्यात असते. ती निवडतो कोण? आत कोणी सिनेमाचा जाणकार बसलेला नसतो. तिथे हिशेब चालतो. तुम्ही काय उघडलं, किती मिनिटं पाहिलं, कुठे सोडलं, कोणाला पाठवलं, आणि तुमच्यासारखंच पाहणाऱ्या इतरांनी पुढे काय पाहिलं, या नोंदींवरून तुमच्या पुढ्यात काय ठेवायचं ते ठरतं. आवडलं-नावडलं सांगायचं बटण असतं, पण आपल्यातले किती जण ते दाबतात? ते दाबलं नाही, तर यंत्राला एवढंच कळतं की या माणसाने ट्रेलर शेवटपर्यंत पाहिला, दोनदा पाहिला, आणि पन्नास जणांना पाठवला. कौतुकाने पाहिला की चिडून, हे त्याला कोण सांगणार? रागानं पाहिलेला सिनेमाही पाहिलेलाच मोजला जातो. म्हणजे त्या रात्री मी त्या सिनेमाची फुकट जाहिरात केली होती, आणि ती आपल्याच माणसांपर्यंत पोचवली होती.

मग मी स्वतःला विचारलं, गेल्या वर्षभरात ज्या सिनेमांवर चिडलो ते मला तोंडपाठ आहेत, पण ज्यात आपली माणसं माणसांसारखी दिसतात असे किती सिनेमे मी कोणाला दाखवले? उत्तर होतं, एकही नाही.

त्या वर्षी बासी ईदला मी त्याच मित्राला घरी बोलावलं. अम्मीने शीरखुर्मा दिला, बिर्याणी झाली. मग मी म्हटलं, "थांब, एक जुना सिनेमा पाहू." आणि ‘गर्म हवा’ लावला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. सेन्सॉरने तो काही महिने अडवून धरला, आणि १९७४ साली प्रदर्शित झाल्यावर त्याला राष्ट्रीय एकात्मतेवरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फाळणीनंतरचं आग्रा. सलीम मिर्झा यांचा बूट बनवण्याचा कारखाना. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानला निघालेत, आणि हे म्हणतात, मी जाणार नाही. बलराज साहनी यांनी हे काम केलंय, आणि सिनेमा लोकांसमोर येण्याआधीच ते गेले. यात आपली बाजू गोंडस करून दाखवलेली नाही. मिर्झांचा मोठा भाऊ सभेत छातीठोकपणे सांगतो की मी देश सोडणार नाही, आणि मग गुपचूप निघून जातो. हवेली त्याच्या नावावर असल्यामुळे ती जाते, आणि भोगावं लागतं मागे राहिलेल्यांना.

हवेली सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी अम्मा सापडत नाही. ती लाकडं ठेवायच्या जागेत लपून बसलेली असते. तिला उचलून न्यावं लागतं.

तिथे माझा मित्र म्हणाला, "थांबव जरा." मी थांबवलं. तो साताऱ्याकडचा. कोयना धरणात त्यांचं गाव गेलं. तो म्हणाला, "गाव सोडायच्या दिवशी माझी पणजी चुलीपाशी बसून राहिली होती. उठेचना. आमच्या घरात अजून सांगतात." मग तो बराच वेळ गप्प होता. आम्ही उरलेला सिनेमा पाहिला. पार्किंगमधल्या त्या संवादाबद्दल तो काही बोलला नाही, मीही काही काढलं नाही. पुढच्या सोमवारी डबा खाताना त्याने विचारलं, "असला अजून कुठला आहे का?" माझी यादी त्या प्रश्नापासून सुरू झाली.

मी सिनेमा निवडताना तीन साधे प्रश्न विचारतो. पहिला, या माणसाला कामधंदा आहे का? म्हणजे तो पोट कसं भरतो ते दिसतं का? दुसरा, धर्माखेरीज त्याची काही अडचण आहे का? घरभाडं, परीक्षा, प्रेम, म्हातारे आईबाप, काहीही. आणि तिसरा, तो चुकतो का, आणि चुकला तर ती चूक त्याची एकट्याची असते की सगळ्या जमातीच्या नावावर टाकली जाते? हा तिसरा प्रश्न दोन्हीकडून लागू होतो बरं का. आपल्यालाही असे सिनेमे हवे असतात ज्यात आपलं माणूस चुकतच नाही. खलनायक नको म्हणून फरिश्ता मागायचा? फरिश्ताही खोटाच. तो कोणाचा शेजारी होऊ शकत नाही.

आता यादी. ‘गर्म हवा’ झालाच.

दुसरा, ‘सलीम लंगडे पे मत रो’, १९८९. दिग्दर्शक सईद अख्तर मिर्झा. मुंबईच्या मोहल्ल्यातला सलीम, पवन मल्होत्राने केलेला. घरात बेकार झालेला गिरणी कामगार बाप, शिवणकाम करणारी आई. सलीमला वाटतं दादागिरीत इज्जत आहे. त्याच्या बहिणीला मागणी घालणारा अस्लम शिकलेला, पण तुटपुंज्या पगारावर मुद्रितं तपासणारा. सलीम आधी त्याला हसतो. सिनेमा आपल्याला विचारतो की मोहल्ल्यातल्या पोरांसमोर या दोघांपैकी नमुना म्हणून कोण उभा आहे. आज चौकात रील बनवणाऱ्या मुलांनी हा जरूर पाहावा.

तिसरा, त्याच दिग्दर्शकाचा ‘नसीम’, १९९५. ‘गर्म हवा’ लिहिणारे कैफी आझमी यात स्वतः आजोबांचं काम करतात. काळ १९९२ सालचा, जून ते ६ डिसेंबर. शाळकरी नातीला आजोबा आग्र्याच्या जुन्या गोष्टी सांगतात, आणि बाहेर टीव्हीवर बातम्या चालू असतात. आपण पाकिस्तानला का गेलो नाही असं विचारल्यावर आजोबा अंगणातल्या एका झाडाचं कारण देतात, जे आजीला फार आवडायचं. माझ्या पाहण्यातलं देशप्रेमाचं याहून साधं उत्तर मला आठवत नाही.

चौथा, श्याम बेनेगल यांचा ‘मम्मो’, १९९४. फाळणीत पलीकडे गेलेली एक बाई म्हातारपणी मुंबईला बहिणीकडे येते आणि व्हिसाची मुदत संपत येते. फरीदा जलाल आणि सुरेखा सिक्री. तुमच्या खालाची, फुफीची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

पाचवा मल्याळम आहे, ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’, २०१८. केरळातल्या मलप्पुरमला सात-सात जणांचा फुटबॉल खेळतात. तिथल्या एका क्लबचा मॅनेजर मजीद. त्याच्या नायजेरियन खेळाडूचा पाय मोडतो आणि त्याला घरी आणून ठेवावं लागतं. मजीदची आई आणि शेजारची म्हातारी, दोघी त्याची सेवा करतात. एकमेकांची भाषा येत नाही. त्या घरात नमाज आहे, चहा आहे, रुसवे आहेत, आणि आम्ही चांगले आहोत हे कोणाला पटवून देण्याची घाई अजिबात नाही. मला हा मोकळेपणा सर्वांत जास्त आवडला.

सहावा इराणचा. असगर फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’, २०११. ऑस्कर मिळालेला आहे. एक बाई म्हाताऱ्या रुग्णाला सांभाळायच्या कामावर जाते. त्याचे कपडे खराब होतात तेव्हा ती फोन करून विचारते, परपुरुषाचे कपडे मी बदलले तर गुनाह होईल का? पुढे प्रकरण कोर्टात जातं, पैशाची अतोनात गरज असते, आणि ती कुराणावर हात ठेवायच्या क्षणी अडते. श्रद्धा म्हणजे काय आणि ती गरीब माणसाकडून काय मागते, यावर मी इतकं प्रामाणिक काही पाहिलेलं नाही. यात खलनायकच नाही. प्रत्येकाची बाजू खरी वाटते, आणि म्हणून घरी गेल्यावर वाद होतात. होऊ द्या.

आणि शेवटचा आपल्या घरचा. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, फैझा अहमद खान यांचा २००८चा माहितीपट. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि अख्खं मालेगाव सिनेमाला जातं. तिथला नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवता चालवता स्वतःच सिनेमे काढायला लागला. आधी ‘मालेगाव के शोले’, मग सुपरमॅन. सुपरमॅन कोण, तर काडी पैलवान यंत्रमाग कामगार. कॅमेरा हलवायला सायकल. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, हिरोचं लग्न निघतं, आणि तरी सिनेमा पुरा होतो. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५मध्ये थिएटरात आला, तो याच मंडळींवरचा. पण आधी माहितीपट पाहा.

हा शेवटी ठेवला त्याला कारण आहे. आपण मराठी बोलणारे मुसलमान. पडद्यावर मराठी बोलणारा मुसलमान मला फार थोड्या वेळा भेटला. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब बरेलीचे, त्यांची उर्दू त्यांना शोभते. पण मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनवणारा कारागीर, गाद्या भरणारा नदाफ, मंडईतला बागवान, एस. टी.तला माझ्या अब्बांसारखा मेकॅनिक, हे कुठे आहेत? घरात दखनी आणि दारात मराठी बोलणारी माझी अम्मी कुठे आहे? कोणीतरी मुंबईहून येऊन यांचा सिनेमा काढेल म्हणून वाट पाहायची, की नासिरसारखं करायचं? त्याच्याकडे होती त्याहून चांगली सामग्री आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. महिन्याला एक सिनेमा, सहा-सात जणांनी एकत्र बसून पाहा. घरातल्या मुलींना आणि आयांना बोलवा, निदान एक मित्र दुसऱ्या धर्माचा असू द्या. आधी भाषण करू नका, मी केलं तसं तर नकोच. संपल्यावर प्रत्येकाने एकच सांगायचं, मला माझ्या घरातलं कोण आठवलं. हे सिनेमे आपोआप पुढ्यात येणार नाहीत, नाव टाईप करून शोधावे लागतील. चोरीची प्रत घेऊ नका, आणि आवडला तर ते बटण दाबा. ज्या ट्रेलरने डोकं फिरतं तो पुढे पाठवू नका. खोटा इतिहास खोडायचा असेल तर जरूर खोडा, पण ट्रेलर न जोडता, पुस्तक हातात घेऊन.

आणि सातवा महिना झाला की पाच मिनिटांचा एक सिनेमा स्वतः काढा. आपल्या गल्लीतल्या एका माणसाच्या कामावर. पुढच्या शिबिरात तो इथे या भिंतीवर पाहू. प्रोजेक्टर मी घेऊन येतो.