पहिल्या रात्रीची भीती

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, मेडिकलला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ठेवलेल्या सत्रातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)

आदरणीय सर, बाई, १९८६च्या दहावीच्या बॅचचे माझे सगळे दोस्त, आणि पुढच्या दोन रांगांत आईबापांनी बळेच आणून बसवलेल्या मुलांनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘वैद्यकीय क्षेत्रातील संधी’. मी चार कागद लिहूनही काढले होते. ते खिशातच राहू देतो. कारण परवा रात्री साडेदहाला आपल्यापैकीच एकाचा फोन आला. नाव सांगणार नाही. मुलगी फायनल पास झाली, गल्लीत पेढे वाटून झाले, एक तारखेपासून इंटर्नशिप. आणि चार दिवस पोरगी धड जेवत नाही. म्हणते, ‘‘बाबा, मला काहीच येत नाही. माझ्या हातून कुणीतरी मरेल. मी जाणार नाही.’’ बाप म्हणाला, ‘‘अरे, साडेचार वर्षं शिकली, आणि आता येत नाही म्हणते, हे काय?’’

मी त्याला म्हटलं, पोरगी हुशार आहे. ज्याला पहिल्या दिवशी भीती वाटत नाही, त्या डॉक्टरची मला भीती वाटते.

काल संध्याकाळी मी या मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, नाव न घालता. अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या सात चिठ्ठ्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत आहे : रात्री वॉर्डात मी एकटी असेन, पेशंट बिघडेल आणि मला काही सुचणार नाही.

तर पहिल्यांदा हे ‘एकटी’ खोडा. इंटर्नशिपचे बारा महिने तुमचं रजिस्ट्रेशन प्रोव्हिजनल असतं. म्हणजे कायदाच सांगतो की हा अजून पूर्ण डॉक्टर नाही, याच्यावर कुणीतरी वरचा हवा. तुमच्याकडून पहिल्या महिन्यात अपेक्षा काय असते? रक्त काढणं, सलाईन लावणं, कॅथेटर, रायल्स ट्यूब, ड्रेसिंग, बीपीचा चार्ट, ब्लड बँकेत पळणं. पहिल्या आठवड्यात शीर सापडणार नाही. तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटून सापडेल. माझ्या पहिल्या दहा सलाईनींपैकी सहा शेवटी सिस्टरनीच लावल्या, आणि त्याबद्दल मला कुणी फासावर चढवलं नाही.

सिस्टरांचं सांगतो. १९९३ साली मी इंटर्न होतो. पहिल्याच नाईटला पेशंटचं बीपी लागेना. मी स्टेथो कानात घालून पुतळ्यासारखा उभा. तेवढ्यात जुन्या सिस्टर शेजारी आल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, पाय वर करून सलाईन फास्ट सोडू ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो, सोडा.’’ ‘‘आणि हाऊसमनना कॉल पाठवू ना?’’ ‘‘हो, पाठवा.’’ त्या विचारत होत्या की सांगत होत्या, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. वॉर्डात अशा सिस्टर, मावश्या, मामा आजही आहेत. त्यांना पहिल्या दिवशी नमस्कार करा. ‘मी नवीन आहे, चुकलं तर सांगा’ म्हणा. एवढ्या एका वाक्यावर वर्ष निघतं.

आणि बोलवायला शिका. हे पुस्तकात नाही. आमच्या वेळी मोबाइल नव्हते, कॉल बुक असायचं. त्यात लिहायचं आणि मामांच्या हाती रजिस्ट्रारच्या खोलीवर पाठवायचं. ‘पेशंट बरा वाटत नाही, कृपया पाहावे’ असं लिहिलं की रजिस्ट्रार कूस बदलून झोपायचा. खाट नंबर, वय, काय झालंय, नाडी-बीपी किती, मी काय केलं, आणि ‘तुम्ही यायला हवं’ असं लिहिलं की उठून यायचा. आता तुम्ही फोन कराल, पण क्रम तोच ठेवा. फोन लावायच्या आधी पाच गोष्टी बघा : श्वास, नाडी, बीपी, शुद्ध आणि शुगर. ही पाच माहीत असतील तर तुम्हाला निदान कळलं नाही तरी चालतं. वरचा माणूस रागावेल? काही रागावतात. रात्री तीनला उठवलेला माणूस गोड बोलत नाही, मीही बोलत नव्हतो. पण विनाकारण बोलावल्याचा राग सकाळच्या चहापर्यंत टिकतो. वेळेवर न बोलावल्याचं तसं नसतं.

आता दुसरी चिठ्ठी. ‘माझ्या चुकीने पेशंटला काही झालं तर?’ यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे. हे मी आपल्या बॅचलाही कधी सांगितलेलं नाही.

रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष. आदल्या दिवशी सकाळपासून मी जागा होतो. संध्याकाळी वॉर्डातल्या तीस-पस्तीस केसपेपरवर ऑर्डरी लिहायच्या होत्या. पायाला जखम झालेला एक डायबेटिसचा शेतकरी होता, पन्नाशीचा. त्याच्या पेपरवर मी लिहिलं : इन्सुलिन कालच्याप्रमाणे. त्याला दुपारपासून मळमळत होतं, तो जेवला नव्हता. मी विचारलं नाही. पहाटे तीनला सिस्टरने हाक मारली. माणूस घामाने निथळत होता, हाक मारून उत्तर देत नव्हता. मला वाटलं हार्ट अटॅक. सिस्टरच्या हातात पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज आधीच होतं. शिरेतून दिलं. पाच मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि बायकोला विचारलं, ‘‘सकाळ झाली का?’’

मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. पहाटे साडेपाचच्या गाडीने गावी जायचं, परत यायचं नाही, असं ठरवलंसुद्धा. पिशवी भरायला खोलीवर गेलो तर रजिस्ट्रार तिथेच झोपलेला. त्याला उठवून सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, ‘‘पेशंट कसा आहे? पुन्हा शुगर पाठवलीस का? खायला दिलंस का?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘मग आधी ते कर. पिशवी नंतर भर.’’

सकाळी राउंडला सरांसमोर त्याने मलाच ते सांगायला लावलं, सगळ्यांदेखत. कान तापले होते माझे. सरांनी दोनच गोष्टी केल्या. त्या दिवसापासून इन्सुलिनच्या ऑर्डरशेजारी ‘जेवला/जेवला नाही’ लिहायचं आणि सिस्टरनी ते वाचल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं. आणि मला त्या शेतकऱ्याच्या खाटेपाशी नेऊन, काय झालं ते त्याच्या बायकोला माझ्या तोंडून सांगायला लावलं. ती बाई म्हणाली, ‘‘जेवले न्हाईत हे म्याच सांगाया पायजे हुतं की, डाक्टर.’’ चूक माझी आणि माफी ती मागत होती. ते वाक्य आजही इन्सुलिन लिहिताना कानात येतं. गेली सत्तावीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो आहे, रोज इन्सुलिन लिहितो, आणि रोज विचारतो, ‘‘जेवलात का?’’ लोकांना वाटतं डॉक्टर फार मायाळू आहेत.

तेव्हा मुलांनो, चुका होणार नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. होतील. बहुतेक चुका पेशंटपर्यंत पोहोचायच्या आत कुणीतरी पकडतं. सिस्टर पकडते, फार्मसीवाला पकडतो, ब्लड बँकेतला टेक्निशियन लेबल बघून बाटली परत पाठवतो. त्याच्यावर चिडू नका. चूक झाली की लपवू नका, त्याच तासाला सांगा. पेशंटला वाचवायचा वेळ त्या तासातच असतो.

काही पेशंट कुणाचीही चूक नसताना जातात. त्याला माझ्याकडे इलाज नाही. पहिला मृत्यू जाहीर केल्यावर मी लिननच्या खोलीत जाऊन रडलो होतो. वॉर्डातल्या मामांनी काही न बोलता बशीत चहा ओतून दिला. कुणाकडे तरी जा, एवढंच सांगेन.

‘मला माहीत नाही’ याची लाज वाटते, असं एकीने लिहिलंय. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला, हिम्मतराव बावस्कर. विंचू चावून कोकणात माणसं मरत होती, पोरं जास्त, आणि पुस्तकात धड उपाय नव्हता. ते पेशंटच्या उशाशी बसून काय काय होतं ते लिहून ठेवत गेले. त्यातून रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरायचं निघालं, १९८६ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला त्यातली पद्मश्री नको, वही हवी आहे. खिशात एक छोटी वही ठेवा. आज काय कळलं नाही ते लिहा, रात्री झोपायच्या आधी त्यातली एक गोष्ट बघा. एकच. गणिताचे सर इथे बसले आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, येत नसेल त्याने हात वर करा, मान खाली घालू नका. मी फळ्यापाशी किती वेळा उभा राहिलो ते तुम्हाला आठवत असेल.

ड्यूटीच्या तासांबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्यूटी सहसा असू नये आणि आठवड्याची सुटी मिळावी, असं केंद्राच्या रेसिडेन्सीच्या नियमांत १९९२ पासून लिहिलेलं आहे. माझ्या वेळी ते पाळलं जात नव्हतं आणि आजही पुष्कळ ठिकाणी पाळलं जात नाही. ‘आम्ही छत्तीस तास उभं राहून शिकलो’ असं सांगणाऱ्या माझ्या वयाच्या डॉक्टरांचं ऐकू नका. छत्तिसाव्या तासाला आम्ही काय लिहिलं, ते मी आत्ता सांगितलं. तुमची मार्डसारखी संघटना तासांसाठी भांडत असेल तर तिच्याबरोबर उभे राहा. नातेवाईक अंगावर येतात त्याबद्दल : २०१०चा कायदा आहे, पण तो नंतर कामाला येतो. आधी कामाला येतं ते दर दोन तासांनी बाहेर जाऊन दोन मिनिटं बोलणं. माणसं बहुतेक वेळा आत काय चाललंय हे न कळल्याने भडकतात.

आणि कुणाला जेवण जात नसेल, झोप येत नसेल, जगूच नये असं वाटत असेल, तर ती अभ्यासाची भीती नाही, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा. तिथे ओळखीच्यांसमोर जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास. आत्ताच मोबाइलमध्ये घाला. मी थांबतो.

घातला? बरं.

पालकांनो, तुमच्यासाठी एवढंच : इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात फोनवर ‘पीजीचा अभ्यास किती झाला’ हे विचारू नका. ‘जेवलीस का’ विचारा. आणि शेजारच्याचा मुलगा कुठे लागला ते सांगू नका, त्याच्या आईने तिला आधीच सांगितलेलं असतं.

ज्या मुलीच्या वडिलांचा फोन आला, ती इथे आहे की नाही मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. माझा नंबर मागे फळ्यावर लिहिलाय. एक तारखेच्या रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपेन. तीनला केला तरी चालेल, फक्त ती पाच आधी बघून करा. बाहेर चहा आणि कांदेपोहे आले आहेत. ज्यांना एकेकट्याने बोलायचंय, मी दहावी ‘ब’च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, माझ्या जुन्या जागेवर.