सोल्युशनचा डबा



आज एका डब्याबद्दल बोलायचंय. धारावीत, ठक्करबाप्पा कॉलनीत, जिथं जिथं बूट-चपला बनतात तिथं हा डबा आहे. माळ्यावर कारागीर मांडी घालून बसलेला. पुढ्यात फर्मा, शेजारी सोल्युशनचा उघडा डबा. ब्रश मारायचा, वाळू द्यायचं, सोल दाबायचा, पुढचा जोड घ्यायचा. जेवढे जोड तेवढी मजुरी.

आज्याच्या हातात रापी होती, आरी होती. कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीनंच शिवली जायची. चामड्याचा वास येतो म्हणून गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं. शहरात टाका गेला, सोल्युशन आलं. धंदा तोच, माणसं तीच, विष तेवढं नवं.

या डब्यात रबर विरघळवणारी द्रावकं असतात. टोल्युइन असतं, हेक्झेन असतं. ती झटकन उडून जातात म्हणूनच सोल चिकटतो. पण उडून जातात कुठं? त्यांची वाफ हवेहून सुमारे तिप्पट जड. डब्याभोवती रेंगाळते, आणि कारागिराचं नाक तिथंच वाकलेलं. थोड्या वेळानं वास येईनासा होतो. वाफ गेलेली नसते, नाक थकलेलं असतं. श्वासातून ती रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत, नसांत.

हेक्झेनपासून शरीरात दुसरं एक रसायन तयार होतं. ते नसांचे धागे बिघडवतं. लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. मुंग्या, मग बधिरपणा. मग हाताची बोटं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. जिन्यावर पाऊल अडखळतं. काम सोडल्यावरही दोन-तीन महिने दुखणं वाढू शकतं, मग सावकाश उतरतं. जबर असेल तर पुरतं उतरतच नाही. जपानच्या मिए प्रांतात 1960 च्या दशकात सँडल चिकटवणाऱ्या 93 कामगारांना हाच आजार झाला. ते 1969 साली छापून आलं. म्हंजे हे जगाला पन्नासाहून जास्त वर्षं ठाऊक आहे.

टोल्युइननं डोकं दुखतं, गरगरतं, विसर पडतो, चिडचिड होते. आणि ते कान खातं. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, आवाज त्याच पकडतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिलाई मशीन आणि सोल घासायची मोटर त्यांना बाहेरून झोडपते, टोल्युइन रक्तातून आत येऊन मारतं. ब्राझीलमधल्या छपाई आणि रंग कामगारांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. गोंगाट नाही, द्रावक नाही, अशांत 100 पैकी 8 जणांचं ऐकणं कमी झालं होतं. नुसत्या गोंगाटात 26. गोंगाट आणि टोल्युइन दोन्ही, तिथं 53.

आता जग काय म्हणतं ते ऐका. अडखळला? ढोसून आलाय. दोनदा विचारलं? मठ्ठ आहे. विसरला? या लोकांना अक्कलच नसते. चिडला? यांची जातच भांडकुदळ. विषाची लक्षणं घ्यायची आणि त्याचा जातीचा दाखला बनवायचा, हा धंदा जुना आहे. आपली माणसंही घरात तेच बोलतात. बायको म्हणते, मुद्दाम ऐकत नाही. तिला तरी कोणी सांगितलंय?

आणि कायदा? 1948 च्या कायद्यात वीज असेल तर दहा कामगारांचा, नसेल तर वीसांचा कारखाना धरत. 2020 च्या संहितेनं ते वीस आणि चाळीस केलं. आठ जणांचा माळा तेव्हाही कारखाना नव्हता, आता तर तो दाराच्या आणखी बाहेर. आपल्याला वेशीबाहेर ठेवायची रीत कायद्यालाही जमते!

मग करायचं काय? नुसत्या घोषणा देऊन वाफ हटत नाही. डब्याला झाकण, ब्रशपुरतंच तोंड. वाफ डब्यापाशीच ओढून बाहेर टाकणारा पंखा. थिनरनं हात धुणं बंद. जेवण माळ्याखाली उतरून. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, हे पोरांना सांगा. पाण्यावरचं सोल्युशन मिळतं, ते शेठकडं मागा. महाग आहे म्हणेल. त्याला विचारा, कान केवढ्याला?

आणि वही घाला. तुम्ही शिकलेली पोरं आहात. गल्लीगल्लीत जा. कोण किती वर्षं चिकटवतो, पाय बधिर आहेत का, ऐकू कमी येतं का, लिहून काढा. कारागिराला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात न्या, कानाचा आलेख काढायला लावा. डॉक्टरला धंदा सांगा आणि डब्यावरचं लेबल दाखवा. डॉक्टर विचारणार नाही, तरी सांगा. धंदा केसपेपरवर लिहून घ्या. ज्याची नोंद नाही तो आजार सरकारच्या लेखी नाही, आणि ज्याची नोंद नाही तो माणूसही नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत?

पुढच्या रविवारी वह्या घेऊन या. कोऱ्या नकोत.