वजनाच्या ऑपरेशननंतर शुगर कोसळते तेव्हा

विरार-वसईहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही. बोरिवली गेलं, कुणालातरी दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आजूबाजूचे म्हणतात, गर्दी आहे, बीपी लो झालं असेल. बऱ्याचदा तसंच असतंही. पण त्या माणसाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं असेल, विशेषतः गॅस्ट्रिक बायपास, तर आधी विचारा: शेवटचं कधी खाल्लं, आणि काय?

समजा सात वाजता पोहे, केळं आणि गोड चहा घेऊन निघालात. बायपासनंतर अन्न जठराचा मोठा भाग टाळून भराभर लहान आतड्यात उतरतं. रक्तातली साखर झपकन चढते, आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन भरमसाट सुटतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. मग खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत साखर कोसळते. उपाशी राहून नाही हं, खाऊन!

हा त्रास सहसा ऑपरेशननंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. तोवर फॉलोअप सुटलेला असतो आणि ऑपरेशनशी संबंध कुणी जोडतच नाही. स्लीव्हनंतरही होऊ शकतो.

ग्लुकोमीटरवर आकडा ७०च्या खाली दिसला तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा. सावरलात की थोडे शेंगदाणे, चणे नाहीतर उकडलेलं अंडं. घाबरून कोल्ड्रिंकची अख्खी बाटली रिचवलीत, तर दोन तासांनी पुन्हा तोच खेळ. आपली वसईची सुकेळीसुद्धा गोडच, बरं का. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. मला विचाराल तर अशांनी खिचडीचा उपवास करूच नये.

काहींना डॉक्टर अकार्बोजची गोळी देतात. ती पिष्टमय पदार्थांचं आणि साखरेचं पचन हळू करते. म्हणून ती चालू असताना घरातली साखर पटकन लागू पडत नाही, खिशात ग्लुकोजच हवं.

साखर रात्री झोपेत किंवा उपाशीपोटी उतरत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या अजून चालू आहेत का, तेही बघावं लागतं. खाल्लेलं, वेळ आणि मीटरचा आकडा वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. घाम फुटलेला असताना स्कूटर चालवू नका. आणि घरच्यांनो, माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ला फोन.