सतरा सप्टेंबरनंतर काय झालं?

पैठणहून बोलतोय. 15 ऑगस्ट झाला की आमच्याकडे महिन्याभरात पुन्हा गणवेश इस्त्रीला जायचा, 17 सप्टेंबरसाठी. पुण्यात बीटेकला असताना रूममेटने विचारलं, 'हे काय असतं रे?' मी म्हणालो, 'निजाम हरला तो दिवस.' त्यापुढचं मलाही सांगता येईना. आज तेच सांगतो.

तेव्हा आपला अख्खा मराठवाडा हैदराबाद संस्थानात. साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह करून जेलमध्ये गेले स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परगा आणि अंबाजोगाईला शिकवणारे मास्तर. ऑगस्ट 1947 मध्ये देश स्वातंत्र्य साजरं करत होता, तेव्हा त्यांना पुन्हा अटक. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज आली तेव्हाही ते आतच होते.

आणि 1952 मध्ये? हाच माणूस गुलबर्ग्यातून लोकसभेवर, 1957 मध्ये औरंगाबादमधून.

असंच काहीसं चेकोस्लोव्हाकियात झालं. कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लिहिणारे नाटककार वाक्लाव हावेल मे 1989 मध्ये जेलमधून सुटले आणि डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष झाले. जेल ते खुर्ची, सात महिने! पण पुढे देश फुटायला लागला. ते हावेलना नको होतं. जुलै 1992 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

स्वामीजींचं नेमकं उलटं. ज्या राज्यासाठी आयुष्य घातलं, तेच मोडा आणि भाषेप्रमाणे वाटा, असं ते स्वतः म्हणत राहिले. विचार करा, राज्याच्या काँग्रेसमधला एवढा मोठा नेता, आणि ते राज्यच नको म्हणतोय! 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य संपलं. तेलुगू भाग आंध्रात, कन्नड भाग म्हैसुरात, आपण मुंबई राज्यात. म्हणून आज आपला सातबारा मराठीत आहे.

मला वाटतं, जेलमध्ये जायला हिंमत लागतेच. पण जिंकल्यावर 'हे माझं' न म्हणायला जास्त लागते. आपण तर साधं व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडत नाही!

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा, 'तेव्हा काय आठवतं?' विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. उद्यावर टाकू नका.

भेटू पुढच्या भागात.