गुरू, राजपुत्र आणि ईश्वर

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यात १७७९ साली बांधलेले एक ख्रिस्तमंदिर आहे. त्यात संगमरवरी शिल्पपट दिसतो: एक वृद्ध धर्मोपदेशक मृत्युशय्येवर आहे आणि एका मराठा राजाने त्याचा हात हाती घेतला आहे. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून तो सरफोजी राजांनी करवून घेतला. तो वृद्ध म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

जो आईबापांवर किंवा लेकरांवर आपल्याहून अधिक प्रीती करतो तो आपल्याला योग्य नव्हे, असे येशूने शिष्यांना बजावल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. हे वचन प्रथमदर्शनी कठोर वाटते. ईश्वराला प्रथम स्थान दिले, तर माणसाच्या वाट्याला काय उरावे? या प्रश्नाचे उत्तर श्वार्ट्झ यांच्या चरित्रात सापडते.

१७२६ साली प्रशियात जन्मलेल्या या मुलाला त्याच्या आईने मरतेसमयी देवाच्या सेवेला वाहिले होते. पुढे त्यांनी वडिलार्जित वाटा भावंडांना सोडला, १७५० साली तरंगमबाडीचा किनारा गाठला आणि मायदेश पुन्हा पाहिला नाही. ते अविवाहित राहिले. तमिळबरोबर दरबारची मराठीही शिकले. १७७९ मध्ये ते मद्रास सरकारचे दूत म्हणून हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास गेले. हैदराने प्रवासखर्चासाठी दिलेले द्रव्यही त्यांनी स्वतःकडे न ठेवता शाळेच्या कामी लावले.

परंतु धनाचा मोह सोडणे सोपे. सत्तेचा आणि मायेचा प्रश्न बिकट. १७८७ साली आसन्नमरण तुळजाराजांनी दत्तक घेतलेला सरफोजी श्वार्ट्झ यांच्या ओटीत घातला. राज्याचा कारभार हाती येत असताना त्यांनी तो नाकारला आणि राजाचा भाऊ अमरसिंग याचे नाव सुचविले. हा सल्ला मुलाला महाग पडला. अमरसिंगाने गादी बळकावली. सरफोजीला बंदिवासासारखे दिवस काढावे लागले. सत्ता नाकारणाऱ्या गुरूने मुलाला मात्र टाकले नाही. त्याच्या सुटकेसाठी आणि शिक्षणासाठी त्यांनी खटपट चालू ठेवली. १७९३ मध्ये सरफोजी मद्रासला सुरक्षित पोहोचला.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. ते पाहण्याचे भाग्य गुरूला लाभले नाही. शिष्याने ख्रिस्ताकडे यावे ही त्यांची उत्कट इच्छाही अपुरीच राहिली. सरफोजी राजे अखेरपर्यंत हिंदू राहिले. तथापि ती इच्छा मायेची अट झाली नव्हती, म्हणूनच परधर्मीय राजाला गुरूच्या स्मरणार्थ हे शिल्प उभारावेसे वाटले.

ईश्वरावरील प्रीतीने मानवी प्रीती आटत नाही. तिच्यातील 'माझे' तेवढे गळून पडते. ज्याला स्वतःसाठी काहीच नको होते, त्याच्याच हाती तंजावरच्या राजाने आपले लेकरू निःशंकपणे सोपविले, हे विसरता येत नाही.