दाह आतड्याचा, प्रश्न समाजाचा

(शिरोली औद्योगिक वसाहतीत कामगार व लघुउद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२२ ऑगस्ट २००७ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारतीय संसदेच्या संयुक्त अधिवेशनापुढे भाषण केले. हिंदी आणि प्रशांत या दोन महासागरांचा संगम ही कल्पना त्यांनी त्या दिवशी मांडली आणि भारत-जपान मैत्रीच्या एका नव्या पर्वाला प्रारंभ झाला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, आबे यांनी पदत्यागाची घोषणा केली. त्यामागचे एक मोठे कारण त्यांचे आजारपण होते. मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणारा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा विकार त्यांना तरुणपणापासून जडला होता, हे पुढे त्यांनीच उघड केले.

हेच आबे डिसेंबर २०१२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि सप्टेंबर २०२० पर्यंत पदावर राहिले. जपानच्या इतिहासात सर्वाधिक काळ पंतप्रधानपद भूषविणारा नेता म्हणून त्यांची नोंद झाली. डिसेंबर २०१५ मध्ये काशीच्या दशाश्वमेध घाटावर गंगा आरतीला उभे राहिलेले आबे अनेकांना आठवत असतील. नव्या औषधामुळे आपल्याला पुन्हा काम करता आले, असे ते जाहीरपणे सांगत. २०२० मध्ये रोगाने उचल खाल्ली, तेव्हाही त्यांनी काही लपविले नाही. एका राष्ट्राचा प्रमुख आपल्या आतड्याच्या आजाराविषयी संकोच न बाळगता बोलतो आणि आपल्याकडे मात्र शौचावाटे रक्त जाणारा तरुण ते घरातही सांगत नाही. आजच्या विषयाचे मर्म या अंतरात आहे.

आतड्याच्या या दाहविकाराचे दोन प्रमुख प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला होतो. वारंवार शौचास लागणे, रक्त व आव पडणे ही त्याची लक्षणे. दुसरा प्रकार ‘क्रोन्स डिसीज’. न्यूयॉर्कचे डॉ. बर्रिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. तो पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, आतडे अरुंद करतो, भगंदरही निर्माण करतो. दोन्ही प्रकार बहुधा ऐन उमेदीच्या वयात, विशी-तिशीत, सुरू होतात. दोन्हींत शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. भट्टीचा विस्तव भट्टीत असतो तोवर लोखंड वितळवितो. तो शेडमध्ये पसरला की कारखाना जाळतो. तसाच हा प्रकार आहे.

हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, असा समज दीर्घकाळ होता. २००३ मध्ये लुधियानाच्या डॉ. अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबातील घरोघरच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्या समजाला धक्का बसला. लाख लोकसंख्येमागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे त्यांना आढळले. २०१० साली देशात या विकारांचे सुमारे १४ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज पुढे मांडण्यात आला. अमेरिकेखालोखाल ही संख्या जगात सर्वांत मोठी होती. पंजाबचा दर इथे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तथापि तो लावून पाहिला, तर २०११ च्या जनगणनेनुसार ३८ लाख ७६ हजार लोकवस्तीच्या कोल्हापूर जिल्ह्यात एकट्या कोलायटिसचेच सतराशेच्या आसपास रुग्ण निघतील. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांत तीन पाळ्यांत राबणाऱ्या हजारो हातांपैकी काही हात त्यांत निश्चितच असणार.

आता उपचारांकडे वळू. या विकारांवरील पहिले परिणामकारक औषध, सल्फासालाझिन, स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्त्झ यांच्या प्रयत्नांतून आले. ते मुळात संधिवातासाठी तयार झाले होते. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. ट्रूलव्ह आणि डॉ. विट्स यांनी रुग्णांचे दोन गट करून कॉर्टिझोनचा, म्हणजे स्टेरॉइडचा, गुण सिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र कोलायटिसचा झटका अनेकांचा जीव घेत असे. पण स्टेरॉइड म्हणजे एका कोपऱ्यातील आग विझविण्यासाठी संपूर्ण शेडवर पाणी ओतणे. आग विझते, परंतु हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती खचते. म्हणून ते थोड्या काळापुरतेच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

खरी क्रांती झाली ती दाहाची नेमकी कळ सापडल्यावर. ‘टीएनएफ’ नावाचा एक रासायनिक दूत शरीरात दाहाची वर्दी देत फिरतो. त्याला अडविले तर संधिवात आटोक्यात येतो, हे लंडनमधील सर रविंदर मैनी आणि सर मार्क फेल्डमन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. मैनी यांचा जन्म लुधियानाचा. त्याच सुमारास हॉलंडमधील डॉक्टरांनी हेच औषध क्रोन्सने जर्जर झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीला दिले आणि तिला उतार पडला. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘इन्फ्लिक्सिमॅब’ला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली. त्यामागोमाग अडालिमुमॅब आले, आतड्यापुरतेच काम करणारे वेडोलिझुमॅब आले आणि २०१८ मध्ये कोलायटिससाठी टोफासिटिनिब ही तोंडाने घ्यावयाची गोळीही आली. उपचाराचे ध्येयही बदलले. पूर्वी जुलाब थांबले की समाधान मानले जाई. आज आतड्याचे अस्तर भरून आले आहे काय, हे दुर्बिणीने आणि विष्ठेच्या ‘कॅलप्रोटेक्टिन’ तपासणीने पाहिले जाते.

या औषधांच्या किमती ऐकून सामान्य माणसाची छाती दडपते. इथे स्वदेशी उद्योगाने आपले सामर्थ्य दाखविले. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अडालिमुमॅबची जगातील पहिली जैवसमरूप आवृत्ती भारतीय बाजारात आणली, तीही मूळ औषधाच्या सुमारे एक पंचमांश किमतीत. टोफासिटिनिबच्याही देशी गोळ्या उपलब्ध झाल्या आहेत. स्वदेशीचा आग्रह म्हणजे केवळ भावनिक आवाहन असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या रुग्णाच्या औषधाचे बिल पाहावे.

मात्र भारतात या औषधांना एक मोठी अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांचे रूप इतके सारखे असते की दुर्बिणीतून पाहणारा निष्णात डॉक्टरही चकतो. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले, तर क्षय भडकतो. क्रोन्सला क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली, तर आतडे आकसत जाते. टीएनएफ अडविणाऱ्या औषधांनी शरीरात सुप्त असलेला क्षयही जागा होऊ शकतो. म्हणून ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य मानली जाते. परदेशी ग्रंथातील उपचार इथे जसाच्या तसा उचलून चालत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

या संदर्भात दिल्लीच्या ‘एम्स’मधील एक प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. डॉ. सौरभ केडिया, डॉ. विनीत आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०२२ मध्ये ‘गट’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आतड्यातील उपकारक जंतूंचा समतोल बिघडणे हे दाहाचे एक कारण मानले जाते. त्यांनी सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ३५ रुग्णांना निरोगी दात्यांच्या विष्ठेतील जंतू दुर्बिणीद्वारे सात आठवडे दिले. जोडीला दाहशामक आहार ठेवला. त्यात कृत्रिम रसायने मिसळलेले आणि प्रक्रिया केलेले पदार्थ व शुद्ध साखर वर्ज्य होती. ताजी फळे, भाज्या आणि आंबविलेले पदार्थ यांवर भर होता. ३१ जणांना नेहमीचे औषधोपचार दिले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातील २१ जणांचा, म्हणजे ६० टक्क्यांचा, रोग शमला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होते. विशेष म्हणजे हे दाते ग्रामीण भागातील होते. मातीशी नाते न तुटलेल्या खेडुताच्या उदरात जी जीवसृष्टी नांदते, ती शहरी रुग्णाच्या कामी आली. हा उपचार अजून मोजक्या संस्थांत, कसून तपासलेल्या दात्यांकडूनच होतो. घरी करून पाहण्याचा तो विषय नाही.

आपल्या पूर्वजांनीही आतड्याचे महत्त्व ओळखले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणीरोगाला वाहिलेला आहे आणि त्यात ताकाचे महत्त्व सांगितले आहे. जठराग्नीला केंद्रस्थानी ठेवणारी ती दृष्टी होती. परंतु पूर्वजांचा अभिमान म्हणजे आजच्या परीक्षेतून सुटका नव्हे. हळदीचेच पाहा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर या गोमंतकाच्या सुपुत्राच्या नेतृत्वाखाली ‘सीएसआयआर’ने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. ती लढाई घोषणांनी जिंकली गेली नाही; जुने ग्रंथ व शोधनिबंध पुराव्यादाखल मांडून ती जिंकली गेली.

आतड्याच्या दाहावर हळदीचा उपयोग होतो काय, हा प्रश्नही पुराव्यानेच सोडवायला हवा. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी रोग शमलेल्या ८९ कोलायटिस रुग्णांवर प्रयोग केला. नेहमीच्या औषधासोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी दोघांचा रोग सहा महिन्यांत उलटला. न घेणाऱ्या ३९ पैकी आठ जणांचा उलटला. उलट एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम इतकी अल्प मात्रा देऊन पाहिली, तेव्हा विशेष लाभ दिसला नाही. तो निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण सर्वसाधारणपणे तीन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे दोन ग्रॅम कर्क्युमिनसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल. शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण चमचाभर हळद दुधातून घेऊन डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणे हा धर्माभिमान नसून आत्मघात आहे. हळदीने जे केले ते औषधांच्या सोबतीने केले, त्यांच्या जागी नव्हे.

विज्ञान इतके पुढे गेले. मग रुग्ण मागे का राहतो? कारण तो रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. शौचावाटे रक्त पडले की तो ‘मूळव्याध-भगंदर’ची पाटी शोधतो. कोणी पुडी देतो, कोणी क्षारसूत्र सुचवितो आणि दोन वर्षे निघून जातात. सगळे रक्त मूळव्याधीचे नसते. आव, पोटात कळ, वजन घटणे, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे, यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे. मोल्डिंगवर कंबर धरली म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय या रुग्णांना विशेष घातक ठरते. त्या गोळ्यांनी दबलेला दाह उसळू शकतो. बरे वाटले म्हणून औषध आपणहून थांबविणे ही दुसरी घोडचूक. मोठ्या आतड्याचा दाह आठ-दहा वर्षे राहिला तर कर्करोगाची भीती वाढते. म्हणून बरे वाटत असतानाही ठरावीक काळाने दुर्बीण तपासणी आवश्यक असते.

उद्योजक बंधूंचाही यात वाटा आहे. दिवसातून दहा-पंधरा वेळा शौचास जावे लागणारा कामगार इंडक्शन फर्नेससमोर उभा असतो, तेव्हा त्याला आजारापेक्षा सुपरवायझरच्या नजरेची धास्ती अधिक असते. तो जेवण टाळतो, पाणी टाळतो आणि भट्टीच्या उष्णतेत कोसळतो. शेडजवळ स्वच्छ स्वच्छतागृह, जाण्यासाठी परवानगी न मागण्याची मुभा, रोग उसळल्यावर हलके काम किंवा पाळीत बदल आणि वार्षिक आरोग्य तपासणीत शौचाच्या तक्रारींबद्दल खाजगीत विचारलेला एक प्रश्न, एवढ्या गोष्टींना फार खर्च लागत नाही. कंत्राटी कामगाराचीही कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद झाली आहे काय, हे पाहणे तर कर्तव्यच आहे.

दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगाकडे परिवार म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा मालक आणि मजूर यांच्यातील वर्गसंघर्षाला हा पर्याय त्यांच्या मनात होता. परिवारात कोणी आजारी पडला तर त्याचा हिशेब चुकता करून त्याला दाराबाहेर काढत नाहीत. प्रयोगशाळेत लागलेला शोध खऱ्या अर्थाने राष्ट्राचा तेव्हाच होतो, जेव्हा तो शेवटच्या माणसापर्यंत जातो. औषध आज उपलब्ध आहे. ते देशात बनते. निष्णात डॉक्टरही आहेत. आता कामगाराने संकोच सोडावा, घरच्यांनी त्याचे ऐकावे आणि मालकाने त्याला वेळ द्यावा. ज्याला हे दुखणे आहे असा एक जरी बांधव या सभेमुळे या आठवड्यात डॉक्टरांकडे गेला, तरी आजचे एकत्र येणे सार्थकी लागले असे समजावे.