तिशीनंतरची तपासणी

सोलापूर शहरातून, तालुक्या-तालुक्यांतून आणि शेजारच्या धाराशिव भागातून ऐकणाऱ्या माझ्या सगळ्या आयाबहिणींनो,

बाईच्या तब्येतीकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही, असं मी म्हणणार नाही. बघतात, पण ठरावीक वेळी. ती गरोदर राहिली की तिचं वजन होतं, रक्त तपासलं जातं, लाल गोळ्या मिळतात, आशाताई घरी येऊन जातात. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टरांकडून तिची तपासणी होते. बाळंत झाली की सव्वा महिना डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सगळं साग्रसंगीत होतं. मग बाळाचे डोस संपतात आणि तिचा दवाखान्याशी असलेला संबंधही संपतो. कित्येकींचं दोन लेकरांवर ऑपरेशन झालेलं असतं आणि वय असतं पंचवीस-सव्वीस. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं ती जगणार असते. त्या वर्षांत तिच्या शरीराची विचारपूस कोण करतं? मला आज त्या वर्षांबद्दल बोलायचं आहे. त्यातही एका तपासणीबद्दल, कारण त्या तपासणीचा जगातला एक मोठा अभ्यास आपल्याच मातीतल्या बायकांवर झाला आहे, आणि आपल्यालाच त्याची खबर नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. 1987 साली तिथून देशातली खेड्यापाड्यांसाठीची पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणी सोपी असते, दवाखान्यांची दप्तरं बघितली की नावं मिळतात. खेड्यातली बाई मात्र दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. घरीच अंथरुणाला खिळायची, घरीच जायची आणि कुठल्याच कागदावर तिच्या आजाराचं नाव येत नव्हतं. म्हणून इथले कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरले. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत जाऊन त्यांनी लोकांना कॅन्सरची लक्षणं समजावून सांगितली. पाळी सोडून मध्येच अंगावर जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, छातीत गाठ लागणं, तोंडातली जखम भरून न येणं. शंका वाटेल त्याला ते बार्शीला घेऊन यायचे.

या नोंदणीतून दोन गोष्टी पुढे आल्या. या भागातल्या बायकांमध्ये पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त होता. आणि दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसतं गावात जाऊन मोकळेपणानं बोलल्यामुळे बायका लवकर येऊ लागल्या, आजार हाताबाहेर जायच्या आधी येऊ लागल्या. बार्शीच्या या रुग्णालयातल्या डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात हे आकड्यांनिशी लिहून ठेवलं आहे. तेव्हा नवीन औषध आलं नव्हतं की नवीन यंत्र आलं नव्हतं. बाईशी कुणीतरी तिच्या भाषेत बोललं, एवढंच झालं होतं.

पुढे 1999 मध्ये बार्शीचं हे रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठं काम हाती घेतलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त निरोगी बायका त्यात घेतल्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या, त्याही प्रत्येकीची एकदाच. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. मग आठ वर्षं या सगळ्यांवर लक्ष ठेवलं. 2009 साली निष्कर्ष छापून आले. तपासणी न झालेल्या गटात 31 हजारांवर बायका होत्या, त्यांतल्या 64 जणी या कॅन्सरनं गेल्या. ज्या गटात हा आजार घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली, तिथे 34 हजारांवर बायका होत्या आणि गेल्या 34 जणी. आयुष्यात एकदा केलेल्या या विषाणूच्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, असा प्रश्न पुढे जगभरातून विचारला गेला. तो प्रश्न मला रास्त वाटतो. त्या 64 जणी कुणाच्या तरी आया होत्या, सासवा होत्या, बहिणी होत्या. त्यांच्यामुळे साऱ्या जगाला जे कळलं, त्याचा उपयोग निदान त्यांच्या लेकीसुनांना व्हायला नको का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची 2019 ते 2021 ची फेरी सांगते की, देशात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही. ज्यांनी पुरावा दिला, त्यांच्याच देशाची ही अवस्था आहे.

हा आजार होतो कसा, ते थोडक्यात सांगते. एचपीव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास असतो की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतोच. म्हणून या आजाराचा चारित्र्याशी संबंध जोडू नका, तो अन्याय होईल. बहुतेक जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या शरीरात ठाण मांडून बसतो आणि पिशवीच्या तोंडाशी हळूहळू बदल घडवतो. त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. दुखत नाही, खुपत नाही. रक्त जायला लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो. पण एवढी वर्षं हातात असतात, म्हणूनच तर तपासणीला अर्थ आहे.

तपासणीची भीती वाटते, लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून ती कशी होते तेही ऐका. तुम्हाला टेबलावर गुडघे दुमडून झोपवतात, वरून चादर असते. नर्सताई एक साधन हळूच आत घालून पिशवीचं तोंड बघतात. एका पद्धतीत त्या जागी कापसानं पातळ ॲसिटिक आम्ल लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. एक मिनिट थांबतात. बदल झालेली जागा पांढरट दिसू लागते, निरोगी जागा तशीच गुलाबी राहते. दुसऱ्या पद्धतीत लहान ब्रशनं तिथला स्राव घेऊन विषाणूसाठी तपासायला पाठवतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, क्वचित चुरचुरतं. भूल नाही, टाका नाही, मुक्काम नाही. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला, असं समजून घाबरू नका. पुढची तपासणी करतात आणि गरज असेल तर ती जागा गोठवून किंवा शेक देऊन तिथल्या तिथे नष्ट करतात. त्याच दिवशी घरी जाता येतं. धाराशिवच्या गावांमध्ये या तपासण्या प्रशिक्षण घेतलेल्या नर्सबाईंनीच केल्या होत्या. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं नव्हतं.

आता एका गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पाळीत जास्त जातंय, एवढ्यावर बाई दवाखान्यात जाते आणि तिला सांगितलं जातं, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. ती घाबरते, कर्ज काढते आणि तिशी-पस्तिशीतच पिशवी काढून मोकळी होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा सुमारे 82 हजार बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपलाही जिल्हा उसाचा आणि कारखान्यांचा. या कोयत्यावरच्या बायका हंगामात आपल्याच फडांत राबतात. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधांनी बरं होतं. लहान वयात पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. तेव्हा कॅन्सरचं नाव काढून कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी विचारा, तपासणी केली का? तिचा कागद दाखवा. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मुलींचं काय? या विषाणूवर लस आहे. 9 ते 14 हे तिचं सगळ्यांत चांगलं वय, कारण विषाणूशी गाठ पडायच्या आधी ती मिळायला हवी. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनंही अशी लस तयार केली आहे. लस घेतलेल्या मुलीनंही पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच आहे. लसीच्या या वयात मुलींच्या रक्ताकडेही बघा. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलीनं खरंच खाल्ली का, हे आईनं विचारावं. ज्वारीची भाकरी, हुलग्याची आमटी, शेंगाची चटणी, पालेभाजी हे आपलं जेवण चांगलंच आहे. त्यावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागूनच चहा पिऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पंचेचाळिशीच्या पुढे पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. घरातल्यांनी याला चिडचिड म्हणून सोडून देऊ नये. पण एक नियम पक्का लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. "या वयात काय दाखवायचं" हा संकोच आपल्याकडच्या कितीतरी आज्यांच्या जिवावर बेतला आहे. पाळी गेलेल्या बाईला व्हिनेगरची तपासणी नीट लागू पडत नाही, कारण बघायची जागा आत सरकलेली असते. तिनं विषाणूच्या तपासणीबद्दल विचारावं. आणि ज्या मिसरी लावतात, त्यांनी तोंडही उघडून दाखवावं. मिसरी म्हणजे तंबाखूच.

शहराच्या पूर्व भागात सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या माझ्या बहिणी हे ऐकत असतील. दवाखान्यात गेलं की तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी, हा तुमचा हिशेब खरा आहे. म्हणून माझी मागणी दवाखान्यांकडेही आहे आणि कारखानदारांकडेही. तपासणीची शिबिरं वस्तीत घ्या, विड्या जमा करतात तिथे घ्या, संध्याकाळी घ्या. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन जे केलं, ते शहरात करायला काय अडचण आहे?

कोजागरीला आपल्याकडच्या हजारो बायका सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जातात. घोळक्यानं जातात, एकमेकींना सांभाळत जातात. तपासणीलाही तसंच जा. जावा-जावा जा, शेजारणी-शेजारणी जा, सुनेनं सासूला न्यावं. तिशी ओलांडलेल्या बाईसाठी पिशवीच्या तोंडाची, छातीची आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. तुमच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंना किंवा आशाताईंना याच आठवड्यात विचारा की आमच्याकडे ही तपासणी कोणत्या दिवशी होते. होत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत तो दिवस ठरवून मागा, आणि त्या दिवशी सगळ्या मिळून जा.